पेटी बदलली, पत्ता राहिला

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात काम घेऊन गेलेल्या माणसाच्या कानावर दारातच एक वाक्य पडतं: ‘साहेब व्हीसीत आहेत.’ मंत्रालयातून कुणी सचिव बोलत असतात, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे अधिकारी पडद्यावरच्या चौकोनांत बसलेले असतात, आणि बाहेरच्या बाकावर खुलताबादहून नाहीतर पैठणहून आलेली मंडळी हातातली कागदांची पिशवी सांभाळत थांबलेली असते. ही व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, जुळवून देणाऱ्या कार्यालयाचं पाटीवरचं नाव राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. तोंडी मात्र नुसतं एनआयसी. जवळजवळ प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच्या वाट्याला एखाददुसरी खोली आलेली असते. तिथल्या अधिकाऱ्याचा हुद्दा जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी असा लांबलचक. पण प्रिंटर अडला की शिपायालाही आठवतात ते ‘एनआयसीवाले साहेब’.

संस्थेची स्थापना १९७६ची. २०२६ साली तिला पन्नास वर्षं होतात. अशा वेळी संगणकीकरणाची यादी देण्याचा रिवाज आहे: सात-बारा, ई-फेरफार, न्यायालयातल्या तारखा, ई-ऑफिस. यादी मोठी आहे आणि खरीही आहे. मला तिच्यातला एकच धागा धरायचा आहे, सरकारी निरोपाचा. एका कार्यालयाचा निरोप दुसऱ्या कार्यालयापर्यंत कोणाच्या वाटेनं जातो, वाटेत तो कोणाच्या ताब्यात असतो, आणि वाटेच्या मालकानं उद्या दार लावलं तर काय, हे प्रश्न आज जगभर विचारले जात आहेत. जीमेल, आउटलुक आणि व्हॉट्सअॅप या तीन नावांत निम्म्या जगाचा पत्रव्यवहार येऊन बसल्यावर ते विचारले जाणारच. पण आपल्याकडे एका सरकारी संस्थेनं ही वाट कंपन्यांच्या आधी स्वतः बांधली होती, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही.

तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाच्या छत्राखाली एनआयसी सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून त्यासाठी ४४ लाख डॉलरची मदत मिळाली. डॉ. एन. शेषगिरी हे संस्थापक महासंचालक. दिल्लीत बसून देशाचं नियोजन करायचं तर जिल्ह्यातली माहिती वेळेवर हाताशी हवी, ही त्यांची धारणा. तोवर आकडे प्रवास करायचे ते कागदावरून: तलाठ्याकडून तहसीलला, तहसिलातून जिल्ह्याला, तिथून मंत्रालयात आणि मग दिल्लीला. दर टप्प्यावर आवक-जावक नोंदवहीत एक नोंद, एक शिक्का आणि काही दिवस. दिल्लीत बेरीज होईपर्यंत हंगाम उलटून गेलेला असे. १९८०च्या सुमारास दिल्लीत सायबर १७० जातीचा मोठा संगणक आला. पुढे दिल्ली, पुणे, भुवनेश्वर आणि हैदराबाद अशा चार ठिकाणी एनईसी कंपनीचे मोठे संगणक बसले. महाराष्ट्राचा भार पुण्याच्या केंद्रावर आला. न्यायालयीन खटल्यांची आणि जमिनीच्या नोंदींची जी प्रणाली आज राज्यभर वापरली जाते, तिच्या बांधणीत याच पुण्याच्या मंडळींचा हात आहे.

संगणक आले, तरी जिल्ह्यापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न होताच. ऐंशीच्या दशकातला मराठवाड्यातला टेलिफोन ज्यांनी वापरलाय त्यांना अडचण समजावून सांगायला नको. ट्रंक कॉल लावायचा, घरी येऊन जेवायचं, झोपायचं, आणि लागला तर लागला. त्या तारांवरून आकडे पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून एनआयसीनं तारांचा नाद सोडला आणि उपग्रहाची वाट धरली. जिल्हाधिकारी कार्यालयांवर लहान तबकड्या बसल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस निकनेट हे जाळं उभं राहिलं. दोन-तीन वर्षांत चारशेहून अधिक जिल्हे त्यात आले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यांत शेजारच्या तालुक्याला फोन लागत नव्हता, तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून दिल्लीला पडद्यावरून निरोप जाऊ लागला. नव्वदच्या दशकातल्या निवडणुकांत मतमोजणीचे आकडे याच जाळ्यानं दिल्लीला पोचवले.

या जाळ्याची रचना मात्र मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सगळ्या तबकड्या बोलायच्या त्या दिल्लीच्या मुख्य भूकेंद्राशी. दोन जिल्ह्यांच्या तबकड्या एकमेकींशी थेट बोलत नसत. तेव्हाचं औरंगाबाद आणि जालना यांच्यात अंतर साठेक किलोमीटर. पण इथल्या जिल्हाधिकाऱ्यांचा जालन्याला पाठवलेला निरोप आधी ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जायचा, तिथून दिल्लीत उतरायचा, दिल्लीहून पुन्हा वर आणि मग जालन्यात खाली. साठ किलोमीटरसाठी जवळपास दीड लाख किलोमीटरचा फेरा! प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या लहरीला त्याला अर्धा सेकंद लागायचा, म्हणून तो कुणाला जाणवलाही नाही. मला हा फेरा महत्त्वाचा वाटतो. ते जाळं आपलं होतं, सरकारी होतं, स्वदेशी म्हणावं तर तेही होतं. तरीही शेजाऱ्याशी बोलायला दिल्लीत जाऊन यावं लागे. जाळं देशाचं असलं म्हणून ते जिल्ह्याचं होत नाही. पुढच्या काळात एनआयसीनं केलेल्या बऱ्याच गोष्टींना हा फेरा चिकटून राहिला.

त्याच काळात मुंबईत जुहूला निराळ्या स्वभावाची एक वाट तयार होत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संगणक विभागातून निघालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अर्थात एनसीएसटी, ही संस्था डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली काम करत होती. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या प्रकल्पात ती, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशी आठ ठिकाणं होती. साध्या टेलिफोनवरून एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात ईमेल सुरू झाली, मग जुहूहून परदेशात मेल जाऊ-येऊ लागली. १९८९ साली ‘डॉट इन’ या भारताच्या नावाची नोंदणी झाली तीही याच संस्थेकडे. निकनेट अधिकाऱ्यांचं आणि अर्नेट प्राध्यापकांचं; पण फरक तेवढाच नव्हता. अर्नेटमध्ये प्रत्येक संस्था आपली मेल आपल्या यंत्रावर ठेवायची आणि ठरलेल्या खुल्या नियमांनी दुसऱ्या संस्थेशी देवाणघेवाण करायची. मधे मालक कुणीच नाही. नियम पाळणारा कुणीही सामील होऊ शकतो. ईमेलचा मूळ पिंड हा आहे, आणि त्यामुळेच जीमेलवाला माणूस आजही याहूवाल्याला, सरकारी कार्यालयाला आणि स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या एखाद्या हट्टी प्राध्यापकाला पत्र पाठवू शकतो. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या ‘बामू डॉट एसी डॉट इन’ या पत्त्याचा ‘एसी डॉट इन’ हा शेपटाकडचा भाग त्याच अर्नेटच्या वारशातला. शिक्षणसंस्थांना ती नावं अर्नेटच देते, तर ‘गव्ह डॉट इन’ची नावं देण्याचं काम एनआयसीकडे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं चार महानगरांत सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि या दोन्ही सार्वजनिक वाटांना तिसरी वाट फुटली. पुढच्याच वर्षी हॉटमेल आलं, मुंबईत रेडिफ सुरू झालं आणि फुकटची पेटी ही कल्पना रूढ झाली. औरंगपुऱ्यात नाहीतर सिडकोत सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ज्यांनी रेडिफवर पहिलं खातं उघडलं, त्या पिढीला परवलीचा शब्द विसरल्याची हळहळ अजून असेल. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते एक जीबी जागा घेऊन. बाकीचे दोन-चार एमबी देत होते, तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. थट्टा नव्हती. दहा वर्षांत रस्त्यावरच्या दुकानापासून विद्यापीठाच्या विभागापर्यंत सगळ्यांच्या पाटीवर जीमेलचा पत्ता लागला.

सरकारी कार्यालयांच्या पाटीवरही लागला, आणि एनआयसीच्या वाटचालीतला हा सगळ्यात लाजिरवाणा टप्पा आहे. स्वतःची मेल असताना सरकारी माणूस फुकटच्या पेटीकडे गेला, कारण सरकारी पेटी लहान होती, संथ होती, अर्ज केल्यावर मिळत होती आणि खालच्या कर्मचाऱ्यांना तर मिळतच नव्हती. मग मंडळ अधिकाऱ्यानं, तहसीलदारानं, शाळेच्या मुख्याध्यापकानं स्वतःच्या मोबाइल नंबरावर जीमेल उघडलं आणि तोच कार्यालयाचा पत्ता झाला. बदली झाली की साहेब जायचे, आणि परवलीचा शब्दही त्यांच्याबरोबर जायचा. मागे पाच वर्षांचा पत्रव्यवहार राहायचा, पण तो उघडणार कोण? नवे साहेब नवं खातं काढायचे, शेवटी एक आकडा वाढवून. दप्तर सांभाळणं हे महसूल खात्याचं शतकानुशतकांचं कसब. निजामाच्या काळातली मोडी आणि उर्दू कागदपत्रं ज्यांनी जपली, त्यांच्या वारसांकडे या दहा-पंधरा वर्षांच्या टपालाचं दप्तर मात्र उरलं नाही. गेलं ते परक्या कंपनीनं पळवलं म्हणून गेलं नाही. कुणाचं आहे हे कधी ठरलंच नाही, म्हणून गेलं.

मराठीचा त्रास वेगळाच. सुरुवातीची मराठी मेल म्हणजे फाँटचा जुगार असे; इथे लिहिलेलं पत्र तिथे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन उघडायचं. म्हणून अधिकारी पत्र छापायचे, सही करायचे, स्कॅन करायचे आणि चित्र पाठवायचे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण संपली, सवय मात्र संपली नाही. पत्ताही देवनागरीत लिहिता यावा यासाठीचे जागतिक नियम २०१२ साली ठरले, ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालं, जयपूरच्या एका कंपनीनं भारतीय भाषांतल्या मेलची सोय केली आणि राजस्थान सरकारनं हिंदीत पत्ते द्यायला सुरुवातही केली. महाराष्ट्रात मराठी पत्ता असलेली पाटी तुम्ही पाहिली आहे का, हा प्रश्न इथेच सोडतो.

२०१३ हे साल कलाटणीचं. स्वदेशीचे पुरस्कर्ते के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती: सरकारी अधिकारी परदेशी कंपन्यांची मेल वापरतात, त्या कंपन्यांचे सर्व्हर देशाबाहेर आहेत, मग सरकारी अभिलेखांचा कायदा पाळला जातो का? त्या वर्षीच्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रं उघड केली, आणि याचिकेतली शंका कुणाला अतिशयोक्ती वाटेनाशी झाली. पुढच्याच महिन्यात देशातली तारसेवा बंद झाली. जुनी वाट मिटत होती आणि नवीचा भरवसा नव्हता. न्यायालयाच्या रेट्यानं केंद्राचं ईमेल धोरण २०१४मध्ये तयार झालं आणि २०१५मध्ये अधिसूचित झालं: सरकारी काम सरकारी मेलवरच, आणि ती चालवण्याची जबाबदारी एनआयसीची. मग सुरक्षेचे उपाय आले, ‘कवच’ नावाचं जादाचं कुलूप आलं, आणि निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनांची मोबाइलवरचा आकडा टिपताना होणारी धांदलही आली.

धोरण आलं त्याच सुमारास टपालानं मेल सोडून व्हॉट्सअॅप धरलं. आज एखाद्या तालुक्याचं प्रशासन पाहायचं असेल तर ई-ऑफिसपेक्षा व्हॉट्सअॅपवरचे गट पाहावेत. पावसाचे आकडे, पंचनाम्याचे फोटो, टँकरच्या फेऱ्या, उद्याच्या व्हीसीची वेळ, सगळं तिथे. ‘ग्रुपवर टाकलंय’ म्हणजे कळवलं. जून २०२२मध्ये केंद्रानं कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या, बाहेरच्या ‘क्लाउड’वर सरकारी कागद ठेवू नका म्हणून बजावलं. पण रात्री साडेदहाला अतिवृष्टीची माहिती मागणारा वरिष्ठच जर व्हॉट्सअॅपवर मागत असेल, तर तलाठ्यानं काय करायचं? कर्मचाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही.

एनआयसीनं यावर उत्तर काढलं ते ‘संदेस’. व्हॉट्सअॅपसारखंच स्वदेशी अॅप, २०२१मध्ये सर्वांसाठी खुलं. त्या वर्षाच्या जानेवारीत व्हॉट्सअॅपनं गोपनीयतेच्या अटी बदलल्या होत्या, लोक बिथरले होते, वेळ उत्तम होती. (त्याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला.) तरी संदेस सामान्य माणसाच्या फोनात शिरलं नाही. मला त्याचं कारण एनआयसीच्या कारागिरीत दिसत नाही. संदेसवरून फक्त संदेसवाल्याला निरोप जातो. आत माणसं नाहीत म्हणून कुणी जात नाही, आणि कुणी जात नाही म्हणून आत माणसं नाहीत. हीच भिंत सिग्नलला आहे, टेलिग्रामला आहे, झोहोच्या ‘अरट्टाई’ला आहे, आणि व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ताकदीचा उगमही तीच भिंत आहे. स्वदेशी विटांनी बांधली तरी भिंत ती भिंतच.

भिंत पाडण्याचे प्रयत्न झाले आहेत. निरोप्यांसाठीही, म्हणजे मेसेंजर अॅपसाठीही, ईमेलसारखे खुले नियम आहेत. एकेकाळी गूगलची चॅट त्यावर चालायची आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची. २०१३मध्ये गूगलनं नवी सेवा आणताना ते दार लावून घेतलं. फ्रान्सच्या सरकारनं २०१९पासून अधिकाऱ्यांसाठी ‘च्चाप’ नावाचा निरोप्या खुल्या मॅट्रिक्स नियमांवर चालवला. जर्मन लष्करही त्याच नियमांवरचा निरोप्या वापरतं. युरोपीय संघानं तर कायदाच केला की व्हॉट्सअॅपसारख्या मोठ्यांनी दुसऱ्या अॅपवरचे निरोप स्वीकारले पाहिजेत. आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी ‘प्रव’ नावाचा निरोप्या सहकारी तत्त्वावर चालवायची खटपट आरंभली आहे, वापरणारेच सभासद आणि सभासदच मालक. सहकाराच्या महाराष्ट्रात ही कल्पना ऐकून कुणाचे कान टवकारले नाहीत, याचं मला नवल वाटतं. साखर, दूध, सूत, पतपेढी, सगळ्यांत सहकार करून पाहिलेल्या राज्याला निरोपाचा सहकार सुचू नये?

सरकारची वाट म्हणजे आपोआप लोकांची वाट, असंही समजू नये. सप्टेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत मेलच्या तळाशी पंतप्रधानांचं छायाचित्र आणि घोषणा असलेली पट्टी जाऊ लागली. मेल एनआयसीची, पट्टी एनआयसीची. न्यायालयाच्या निबंधक कार्यालयानं हरकत घेतली, पट्टी काढली गेली आणि तिथे न्यायालयाच्या इमारतीचं चित्र आलं. प्रसंग लहान, पण सरकार ज्यात पक्षकार असतं अशा खटल्यांची पत्रं सरकारच्याच पेटीतून जातात, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा दिसलं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ याच शहरात आहे; इथल्या वकील मंडळींना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. न्यायालयांनी संगणकांवर उबंटूसारखी मुक्त प्रणाली आणि खटल्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर बांधलेली व्यवस्था स्वीकारली, ती एनआयसी पुण्याच्याच हातून, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

२०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. रुग्णालयाची एनआयसीनं बसवलेली ई-हॉस्पिटल व्यवस्था बंद पडली आणि काही दिवस कारभार पुन्हा कागद-पेनावर चालला. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची राखण सरकारी मनुष्यबळावर होईल का, हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. २०२३मध्ये सरकारी मेलची पेटी सांभाळण्याचं सात वर्षांचं कंत्राट निविदेतून झोहोला मिळालं. तमिळनाडूतली ही कंपनी, श्रीधर वेंबू आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दुसऱ्या नावानं उभी केलेली. २०२५ संपता संपता केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिकडे हलली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला झोहोचा पत्ता जाहीर केला आणि स्वदेशीच्या घोषणेला भरती आली.

चाळीस वर्षांपूर्वी छपरावर स्वतःची तबकडी बसवणारी संस्था अखेर पेटीसाठी कंत्राटदाराकडे गेली. हा पराभव मानायचा का? माझं मत, नाही. कारण पत्ता बदलला नाही. ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ ही नावं सरकारच्याच हातात आहेत. सात वर्षांनी काम आवडलं नाही तर पेटी दुसरीकडे नेता येईल, आणि पत्र पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. कंपनी बदलली तरी मोबाइल नंबर तोच ठेवायची मुभा आपल्याला २०११पासून आहे. त्या मुभेनं ग्राहकाला जेवढं बळ दिलं, तेवढंच बळ हा पत्ता सरकारला देतो. जीमेलवरचा पत्ता असा नेता येत नाही, कारण त्याचा मागचा भाग गूगलचा आहे. अर्थात हे बळ टिकायचं तर दोन अटी आहेत: सगळी मेल ठरलेल्या खुल्या स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे, आणि ती चालवू शकणारी माणसं एनआयसीत उरली पाहिजेत. दुसऱ्या अटीची मला जास्त काळजी वाटते. कसब एकदा कंत्राटात गेलं की परत येत नाही.

पेटी परक्याच्या मर्जीवर असली की काय होतं, याचा धडा २०२५च्या जुलैमध्ये मिळाला. गुजरातमध्ये वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघानं निर्बंध लावले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं कंपनीची मेल बंद केली. भारतीय कायदा मोडला नव्हता, पैसे थकले नव्हते. तरीही एका सकाळी हजारो पेट्रोल पंपांना माल पुरवणाऱ्या कंपनीचे कर्मचारी आउटलुक उघडून नुसते बघत बसले. कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तोवरची गरज भागवायला मेल नेली ती रेडिफकडे! आपण ज्याला सायबर कॅफेच्या काळातलं म्हणून विसरून गेलो होतो, तेच अडल्या वेळी उपयोगी आलं. महिनाअखेर मायक्रोसॉफ्टनं सेवा पूर्ववत केली. त्याच वर्षी जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्यानं आपल्या ४०,०००हून अधिक सरकारी पेट्या मायक्रोसॉफ्टकडून काढून मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. लोकसंख्येनं आपल्या जिल्ह्याहून लहान असलेलं हे राज्य, त्यांना जमलं.

विद्यापीठांचा अनुभवही फार निराळा नाही. जगभरच्या शिक्षणसंस्थांना गूगलनं अमर्याद जागा फुकट दिली, सगळ्यांनी आपले सर्व्हर बंद करून तिकडे बिऱ्हाड हलवलं, आणि २०२१मध्ये कंपनीनं कळवलं की पुढच्या वर्षापासून एका संस्थेला मिळून १०० टीबी. विद्यार्थ्यांच्या जुन्या खात्यांवर कुऱ्हाड चालली. तक्रार करायला जागा नव्हती. फुकटाचा करार एकतर्फीच असतो. स्वतःचा सर्व्हर चालवावा म्हटलं तर तेही आता सोपं नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांवर ओळखीच्या खुणांचे कडक नियम घातले. नियम योग्यच आहेत, ठगांना आळा बसतो. पण लहान सर्व्हरवरून निघालेलं पत्र जीमेलच्या कचऱ्यात पडलं तर दाद कुणाकडे मागायची, याचं उत्तर नाही. ईमेलचे नियम खुले राहिले आणि दाराशी पहारा मात्र दोन-तीन कंपन्यांचा बसला.

म्हणून या शहरातल्या संस्थांसाठी मधली वाट शहाणपणाची: पेटी कुणाचीही घ्या, पत्ता आपला ठेवा. ‘डॉट इन’ नाव वर्षाला काहीशे ते हजारभर रुपयांत मिळतं. एका सत्कारातल्या शाल-श्रीफळाइतका हा खर्च आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावावर यायला लावलं, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. म्हणजे छोट्या संस्थेला हे झेपत नाही ही सबब आता चालणार नाही. ग्रंथालयं, शिक्षण मंडळं, पतसंस्था, साहित्य संस्था यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा एक विषय घ्यावा. चालवायला माणसं हवीत तर विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही संगणक शिक्षणसंस्था आहे (आधी सीईडीटीआय, मग डोएक, आता अभिमत विद्यापीठाचं केंद्र), शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना मेल सर्व्हर उभारण्याचा प्रकल्प द्यायला कुणी अडवलेलं नाही.

एनआयसीकडे पन्नाशीला मागणं एकच. गव्ह डॉट इनचा पत्ता व्यक्तीला नको, खुर्चीला हवा, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांपाशी न थांबता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत, अंगणवाडी पर्यवेक्षिका यांच्यापर्यंत जायला हवा. साहेब बदलले तरी दप्तर मागे राहील. आणि वाचकांना विनंती: यापुढे एखाद्या सरकारी कार्यालयाच्या फलकावर फुकटच्या पेटीचा पत्ता दिसला, तर आपल्या अर्जाच्या शेवटी एक ओळ जोडा, ‘या कार्यालयाचा अधिकृत गव्ह डॉट इन ईमेल पत्ता लेखी कळवावा.’ पोच घ्यायला विसरू नका.